निविदा सूचना वाचताना

वर्तमानपत्रातील सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर कोणता, असे कोणी मला विचारले तर मी निःशंकपणे सांगेन : जाहीर निविदा सूचना. आतल्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक टाईपात, एका चौकटीत ती छापलेली असते. 'खालील कामांसाठी नोंदणीकृत ठेकेदारांकडून निविदा मागविण्यात येत आहेत', अशी तिची सुरुवात, आणि 'कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे', असा तिचा शेवट. मधे कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम, मुदत. आपण क्रिकेटच्या पानाकडे जाताना ती ओलांडून जातो.

परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, आपण ज्या रस्त्याने महाविद्यालयात येतो तो रस्ता, पावसाळ्यात तुंबणारी नाली, गावच्या शाळेची वर्गखोली आणि नळाला येणारे (वा न येणारे) पाणी या साऱ्यांचा जन्म अशाच एका चौकटीतून झालेला असतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकात आपण स्थानिक स्वराज्य संस्थांची रचना, त्यांच्या समित्या, महापौराचे आणि सरपंचाचे अधिकार हे सारे पाठ करतो. पण ही संस्था पैसा खर्च करते कशी आणि काम देते कोणाला, हा प्रश्न त्या पुस्तकात फारसा येत नाही. प्रस्तुत लेखात तो समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सूचनेपूर्वीच्या पायऱ्या

निविदा ही कामाची पहिली पायरी आहे असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती चौथी किंवा पाचवी पायरी होय. प्रथम कामाची गरज ठरते आणि सक्षम अधिकारी किंवा समिती त्यास प्रशासकीय मान्यता देते. हे काम करावयाचे आहे आणि त्यासाठी इतका पैसा आहे, एवढाच या मान्यतेचा अर्थ. त्यानंतर अभियंता सविस्तर अंदाजपत्रक तयार करतो. खोदकाम किती घनमीटर, खडीचा थर किती जाडीचा, सिमेंट काँक्रीट किती, हे सारे मोजून त्यास सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतील दर लावले जातात. हे अंदाजपत्रक अभियांत्रिकी दृष्टीने बरोबर आहे असे वरिष्ठ अभियंत्याने म्हटले म्हणजे तांत्रिक मान्यता मिळाली. मग निविदेचे कागद तयार होतात, आणि सूचना निघते ती त्याच्याही नंतर.

हा क्रम केवळ कारकुनी नाही. अंदाजपत्रक फुगविलेले असेल, तर पुढची स्पर्धा कितीही चोख झाली तरी सार्वजनिक पैसा वाचत नाही. 'अंदाजपत्रकापेक्षा १५ टक्के कमी दराने काम दिले' हे वाक्य ऐकावयास गोड वाटते, पण मूळ अंदाजपत्रकच २५ टक्क्यांनी वाढविलेले असेल तर त्या गोडीला काय अर्थ ? म्हणून निविदेची चिकित्सा अंदाजपत्रकापासून सुरू झाली पाहिजे.

येथेच एक जुनी युक्ती सांगितली पाहिजे. काही ठराविक रकमेच्या वरचे काम असेल तरच जाहीर स्पर्धा बंधनकारक असते. तेव्हा एकाच रस्त्याचे 'अमुक घरापासून तमुक घरापर्यंत' असे चार तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसतो ! असे तुकडे पाडण्यास शासनाने मनाई केलेली आहे. तरीही आपल्या गावातील कामांची यादी काढून एकाच रस्त्याचे नाव तीत किती वेळा येते, हे कोणीही विद्यार्थी सहज तपासू शकेल.

नियम कोणत्या पुस्तकात आहेत ?

याचे उत्तर जरा पसरट आहे. तामिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये सार्वजनिक खरेदी व कंत्राटे यांतील पारदर्शकतेसाठी स्वतंत्र कायदे केले. केंद्रात २०१२ साली असे एक विधेयक मांडले गेले, पण ते पारित न होताच व्यपगत झाले. महाराष्ट्रात असा एकछत्री कायदा नाही. आपल्याकडे प्रत्येक संस्थेचा आपापला अधिनियम, त्याखालील नियम व लेखा संहिता, आणि त्यांवर वेळोवेळी निघणारे शासन निर्णय अशी तीनपदरी व्यवस्था आहे.

जिल्हा परिषदांसाठी १९६१ चा अधिनियम आणि १९६८ ची लेखा संहिता, नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम, तर महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम. आपल्या शहराची महानगरपालिका डिसेंबर १९८२ मध्ये स्थापन झाली, ती या शेवटच्या कायद्याखाली. त्यातील कलम ७३ नुसार करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा, परंतु कायद्यात सांगितलेल्या रकमेपुढील करारास स्थायी समितीची पूर्वमान्यता हवी. कलम ७४ आणखी कडक आहे : ठरवून दिलेल्या रीतीने न केलेला करार महापालिकेवर बंधनकारक होत नाही. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याने तोंडी सांगितले आणि ठेकेदाराने काम करून टाकले, तर तो ठेकेदाराचा धोका.

यामागील तत्त्व सोपे आहे. प्रस्ताव एकाने ठेवावा, मंजुरी दुसऱ्याने द्यावी, हिशेब तिसऱ्याने तपासावा. हे तत्त्व केव्हा दुबळे होते याचेही उदाहरण आपल्या शहरात आहे. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. प्रशासक कितीही कर्तबगार असला, तरी प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच असला म्हणजे प्रश्न विचारणारी खुर्ची रिकामी राहते. सभागृहात प्रश्न विचारणारे सगळेच धुतल्या तांदळासारखे असतात असे मी म्हणत नाही. पण खुर्ची असणे आणि नसणे यांत फरक आहे.

दोन लिफाफे

आता प्रत्यक्ष निविदेकडे वळू. पूर्वी कोरी निविदा कार्यालयातून विकत घ्यावी लागे आणि भरलेली निविदा पेटीत टाकावी लागे. त्या पेटीपर्यंत पोहोचणे हीच काही वेळा मोठी परीक्षा असे ! कोरी निविदा संपली आहे, लिपिक रजेवर आहेत, दारात चार धिप्पाड माणसे उभी आहेत, अशा गोष्टी जुने ठेकेदार हसत हसत सांगतात. ई-निविदा आल्यावर हा प्रकार बराच थांबला. २०१४ मध्ये राज्य शासनाने ३ लाख रुपये व त्यावरील कामांसाठी ई-निविदा सक्तीची केली. पुढे या मर्यादेत फेरबदल होत गेले. 'महाटेंडर्स' या शासकीय संकेतस्थळावर कोणासही सूचना पाहता येतात. त्यासाठी ठेकेदार असण्याची गरज नाही.

निविदा दोन लिफाफ्यांत असते. संगणकावरही नाव लिफाफाच राहिले आहे. पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे : नोंदणी, पूर्वानुभव, यंत्रसामग्री, उलाढाल, करभरणा. दुसऱ्यात फक्त दर. पहिल्यात जो नापास झाला त्याचा दुसरा लिफाफा उघडलाच जात नाही. मोठ्या कामांत ठेकेदाराची क्षमताही एका सूत्राने मोजतात. गेल्या काही वर्षांपैकी ज्या वर्षी त्याने सर्वाधिक काम केले ती रक्कम, गुणिले नव्या कामाची वर्षांतील मुदत, गुणिले २, आणि त्यातून हातातील अपूर्ण कामे वजा. समजा, त्याचे सर्वोत्तम वर्ष ३ कोटींचे, कामाची मुदत १ वर्ष, आणि हातात ५ कोटींची अपूर्ण कामे आहेत. तर ३ × १ × २ = ६, त्यातून ५ गेले, राहिला १ कोटी. मग २ कोटींचे काम त्याला मिळता कामा नये. हावरटपणाला लावलेले हे गणिती कुंपण होय.

दर भरण्याचे मुख्य दोन नमुने आहेत. 'बी-१' नमुन्यात ठेकेदार संपूर्ण अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी सांगतो : इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. 'बी-२' नमुन्यात तो प्रत्येक बाबीचा वेगळा दर भरतो. दुसरा नमुना अधिक शास्त्रशुद्ध वाटतो, पण त्यात एक मेख आहे. ती एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करतो.

एका पायाच्या खोदकामात मुरूम ५०० घनमीटर, दर १५० रुपये, आणि कठीण खडक १०० घनमीटर, दर ८०० रुपये असे अंदाजपत्रक आहे. एकूण १,५५,००० रुपये. आपल्या भागात काळा पाषाण हातभर खालीच लागतो हे ठेकेदाराला ठाऊक आहे. तो मुरुमाचा दर ५० आणि खडकाचा १,२०० भरतो. बेरीज १,४५,०००. त्याची निविदा सर्वांत कमी ! प्रत्यक्षात मुरूम निघतो २०० आणि खडक ४०० घनमीटर. त्याच्या दराने देयक होते ४,९०,००० रुपये. अंदाजपत्रकाच्या दराने काम करणाऱ्यास मिळाले असते ३,५०,००० रुपये. म्हणजे सर्वांत 'स्वस्त' माणूस १,४०,००० रुपयांनी महाग पडला.

यावर उतारा म्हणून कराराच्या अटींत ३८ व्या क्रमांकाची अट आहे. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढले तर भरलेला दर, त्यापुढील वाढीला मात्र दरसूचीवर आधारित दर. दरसूचीचा दर तोच ८०० धरला आणि निविदेच्या टक्केवारीचा फरक क्षणभर बाजूला ठेवला, तर वरील उदाहरणात १२५ घनमीटर १,२०० ने आणि उरलेले २७५ घनमीटर ८०० ने मोजले जातील. मुरुमाचे १०,००० धरून देयक ३,८०,००० वर येईल. एक अट, आणि १,१०,००० रुपये वाचले ! कायदा कोठे राहतो असे विचारले तर मी म्हणेन, तो अशा रुक्ष अटींत राहतो.

कमी दराची किंमत कोण देतो ?

सर्वसाधारण नियम असा की, पात्र ठेकेदारांत ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम. पण दर फारच कमी असला तर ? अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के खाली जाऊन घेतलेले काम चांगले होईल कसे ? शासनाने यासाठी जादा सुरक्षा ठेवीची अट घातली आहे. दर जितका खाली, तितकी ठेव अधिक, आणि एका मर्यादेनंतर ती वेगाने वाढत जाते. पूर्ण झाल्यावरही काही काळ दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची असते आणि तोवर अनामत रक्कम अडकलेली राहते.

या प्रश्नाला मात्र आणखी एक बाजू आहे, आणि ती मला घरातून ठाऊक आहे. माझे वडील गवंडी आहेत. निविदा भरणारा एक असतो, तो काम दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसऱ्याच्या हाताखाली वडिलांची हजेरी लागते. प्रत्येक हात आपला वाटा ठेवूनच काम पुढे सरकवतो. तेव्हा अंदाजपत्रकापेक्षा २० टक्के खाली गेलेले काम आमच्या घरी पोहोचते, तेव्हा ते किती खाली गेलेले असते याचा हिशेब कोणत्याच लिफाफ्यात नसतो. एका कामावर तीन आठवड्यांची मजुरी 'वरून बिल निघाले नाही' या एका वाक्यावर अडून राहिली होती. त्या महिन्यात आईने किराणा दुकानातली वही संपेपर्यंत उधारी केली.

पुढे अभ्यासात मला असे आढळले की, ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावर येते, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या श्रमसंहितेतही हे तत्त्व कायम आहे. तसेच १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चाच्या १ टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा काढण्याची पद्धत सुरू झाली. कामावरील किती गवंड्यांना, बिगाऱ्यांना हे माहीत आहे ? निविदेच्या अटी ठेकेदाराला वाचून दाखविल्या जातात, मजुराला नाही.

मजुराचा विचार महाराष्ट्राच्या धोरणात अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. लहान कामांचा एक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना, एक सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि उरलेला खुल्या नोंदणीकृत ठेकेदारांना द्यावा, असा आपल्या राज्याचा नियम आहे. ३३ : ३३ : ३४ हे प्रमाण बरीच वर्षे चालले, नंतर शासनाने त्यात फेरफार केले. त्यासाठी काम वाटप समिती असते, आणि बेरोजगार अभियंत्यांची कामे सोडत काढून दिली जातात. ठेकेदाराचा नफा मजुरांच्याच सहकारी संस्थेला मिळावा, ही कल्पना सुंदर आहे. पण संस्थेच्या कागदावर मजूर आणि प्रत्यक्षात मागे ठेकेदारच, अशी तक्रारही तितकीच जुनी आहे. चांगला नियम आणि चांगला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे फार स्पष्ट दिसते.

'कोणतेही कारण न देता'

सूचनेच्या शेवटच्या वाक्याकडे आता येतो. कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार खरोखर इतका मोकळा आहे काय ? सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली रमण दयाराम शेट्टी खटल्यात याचे उत्तर दिले. प्रकरण मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाचे होते. निविदा भरणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक असावा, अशी अट सूचनेत होती. काम मात्र ज्याला दिले त्याच्याकडे असे हॉटेल नव्हते. त्याचा अनुभव उपाहारगृहे चालविण्याचा होता. न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला की, शासनाने स्वतःच जाहीर केलेली कसोटी शासनालाच मोडता येणार नाही. तसे करणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेचा भंग होय. ती अट शिथिल आहे हे आधी कळले असते तर आणखी कितीतरी लोक पुढे आले असते, हा त्यातील मर्म.

गंमत अशी की, एवढे तत्त्व मांडूनही अर्जदाराला प्रत्यक्ष दाद मिळाली नाही. तो न्यायालयात उशिरा आला होता, आणि ज्याला काम मिळाले त्याने तोवर खर्च करून टाकला होता. तत्त्व जिंकले, अर्जदार हरला ! म्हणून निविदेच्या बाबतीत वेळेवर हरकत घेणे हा निम्मा न्याय आहे.

आपल्या शहराचे दोन धडे

पहिला धडा पाण्याचा. जायकवाडीहून शहरात पाणी आणण्याच्या 'समांतर' योजनेचा करार २०११ मध्ये एका खाजगी कंपनीशी वीस वर्षांसाठी झाला. योजना ७९२ कोटींची. २०१४ मध्ये पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. मग नवी योजना आली. तिचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, रक्कम १,६८० कोटी. पुढे ती सुधारून सुमारे २,७४० कोटी झाली. दोन्ही योजनांचा आराखडा एक नाही, त्यामुळे आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य होणार नाही. तरीही एवढे निश्चित म्हणता येईल की, निविदा उघडली म्हणजे काम झाले असे नव्हे. कराराच्या अटी, देखरेख आणि मुदत यांत जे सुटते त्याची भरपाई नागरिक हंडे भरून करतो. या शहराने कित्येक वर्षे दिवसांआड पाणी भरले आहे. आणि हंडे बहुधा कोणाच्या डोक्यावर असतात, हे सांगावयास नको.

दुसरा धडा घरकुलांचा. प्रधानमंत्री आवास योजनेखाली सुमारे ४० हजार घरांच्या प्रकल्पासाठी निविदा निघाल्या होत्या. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच ठिकाणच्या संगणकजोडणीवरून भरल्या गेल्या, असा आरोप झाला. २०२३ च्या आरंभी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सक्तवसुली संचालनालयाने शहरात छापे घातले. खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, मी त्यावर काही म्हणणार नाही. परंतु ज्याला आपल्याकडे 'रिंग करणे' म्हणतात, त्या संगनमताला २००२ च्या स्पर्धा कायद्यानेही बंदी आहे. पूर्वी हे संगनमत चहाच्या टेबलावर होई आणि त्याचा मागमूस राहत नसे. यंत्र संगनमत थांबवू शकत नाही, पण ते पाऊलखुणा जपून ठेवते. त्या खुणांकडे पाहणारा डोळा मात्र माणसाचाच लागतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे ?

तो डोळा आपला का असू नये ? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एक तरतूद आहे, जी फारच थोड्यांना ठाऊक असते. माहितीचा अधिकार म्हणजे केवळ कागदांच्या प्रती मिळविणे नव्हे. चालू कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हेही त्यात येते. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक हे चार कागद मागितले म्हणजे एका रस्त्याचे संपूर्ण चरित्र हाती येते. मोजमाप पुस्तिकेत थर १५ सेंटिमीटरचा लिहिला असेल, तर तो पट्टी लावून पाहता येतो. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

आमच्या वर्गात अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांनी आकडे पाहावेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अधिकार कोणाचा ते पाहावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी या सूचनांची भाषा सर्वसामान्य माणसाला कळेल अशी करून द्यावी, कारण 'दोष दायित्व कालावधी' म्हणजे 'या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करावयाचा' हे कोणीतरी सांगितलेच पाहिजे. प्रत्येक वर्षी एका वर्गाने एकच काम निवडून त्याचे कागद वाचले, तरी दहा वर्षांत दहा कामांचा अभ्यास आपल्या ग्रंथालयात जमा होईल. प्राध्यापकांनी हा विषय प्रकल्पासाठी घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

स्थानिक स्वराज्य या शब्दातील 'स्वराज्य' मतपेटीपाशी सुरू होते. पण ते टिकते की नाही, हे खडीच्या थराची जाडी आणि शनिवारी हातात पडणारी मजुरी यांवरून कळते. ती चौकट उद्याच्या वर्तमानपत्रातही असेल. ती वाचावयास पाच मिनिटे पुरतात.